घाटमाथ्यावरचे पाणी (भाग ३) : तरंगत्या नौकेची दुरुस्ती

दिवस पहिला. नाणेघाट

घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे; जकातीची नाणी त्यात पडत, असे परंपरा सांगते. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल या वाटेने जुन्नरला चढे. माल चढला, नौका खालीच राहिल्या, आणि नौका दुरुस्त करण्याची रीतही खालीच राहिली. ती रीत भरती-ओहोटीवर उभी आहे. भरतीला मचवा खाडीच्या काठाशी आणायचा, ओहोटी लागली की तो अलगद टेकतो, आणि पुढचे पाणी चढेपर्यंत बुडाचे काम उरकायचे. समुद्र दिवसातून दोनदा नौका उचलतो आणि दोनदा खाली ठेवतो. त्यामुळे बुडाला हात लावण्याआधी नौका कोरड्यावर घ्या, हा नियम तिथे रास्तच आहे. जुन्नर-आंबेगावच्या धरणांवर मात्र तो जसाच्या तसा आणू नये, असे माझे म्हणणे आहे. इथे शिडाची नौका आणायची तर तिचे सेंटरबोर्ड, म्हणजे बुडातून पाण्यात सोडायची फळी, नौका पाण्यात असतानाच काढता आले पाहिजे, आणि ती सोय नौका बांधतानाच करायला हवी.

दिवस दुसरा. माणिकडोह

हडसरच्या पायथ्याजवळ कुकडीचे पाणी अडले आहे. घाटावरून येणारा वारा आडवा लागला की शिडाची नौका पुढे जाण्याऐवजी बाजूला सरकते. ते सरकणे रोखायला नौकेच्या मध्यावरून पाण्यात फळी सोडतात, तीच सेंटरबोर्ड. उथळ पाण्यात ती वर ओढून घेता येते. फळी ज्या अरुंद पेटीतून खाली जाते ती पेटी बुडाला आरपार उघडी असते. एवढे ऐकले की पहिली शंका येते, ती म्हणजे फळी काढल्यावर नौका भरणार नाही का? नाही भरणार. पेटीत पाणी आधीपासूनच असते, आणि ते बाहेरच्या पातळीइतकेच चढते. पेटीच्या भिंती त्या पातळीच्या वर गेलेल्या असल्या आणि तोंड वरून उघडे असले, तर फळी सरळ वर काढून घ्यावी. लहान मुलांच्या ऑप्टिमिस्ट नौकेत फळी हातानेच वर खेचतात, तिथे तर प्रश्नच उरत नाही.

अडचण फिरत्या फळीची आहे. ती एका आडव्या पिनेवर झुलते आणि ही पिन बहुधा पाण्याच्या पातळीखाली असते. पिन काढली की पेटीच्या दोन्ही भिंतींतली भोके नौकेच्या आत उघडी पडतात. भीती इथेच असते, म्हणून हिशेब मांडून पाहावा. बारा मिलिमीटरचे भोक पातळीच्या पंधरा सेंटिमीटर खाली असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे सात लिटर पाणी येईल. दोन्ही भोकांतून चौदा. बादलीने उपसता येईल एवढेच ते आहे. पण दहा मिनिटे कोणी लक्ष दिले नाही तर दोन माणसांच्या वजनाइतके पाणी आत साचेल. तेव्हा भोक रिकामे ठेवूच नये. पिनेच्याच जाडीची लाकडी मेख तिच्या पाठोपाठ ठोकत न्यायची. जुनी पिन जितकी बाहेर येईल तितकी मेख आत जाते. पिन नाळेच्या बाजूला असेल तर माणसांनी मागे बसावे, नाळ थोडी उचलली जाते आणि भोकावरचा दाब उतरतो. या सगळ्याच्या आधी फळीला दोर बांधायचा. लाकडी फळी सुटली तर तरंगेल, लोखंडी फळी थेट धरणाच्या गाळात जाईल.

दिवस तिसरा. डिंभे

इथला आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढी कसरत कशाला, नौका काठावर ओढा ना? पण इथला काठ एका जागी राहत नाही. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले ते घोड नदीवरच्या या जलाशयात गेले. हुतात्मा बाबू गेनूंचे नाव असलेला हा जलाशय भरला की साडेतेरा टीएमसी पाणी धरतो, आणि पावसाळा सरला की कालव्यांतून शेतीकडे निघतो. धरणाची ओहोटी वर्षातून एकदाच येते आणि जवळजवळ आठ महिने चालते. उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. म्हणजे आज जो काठ आहे तिथे पुढे पीक उभे असेल, आणि पाणी गाठायला मऊ गाळ तुडवावा लागेल. मासेमारीची हलकी, सपाट बुडाची होडी दोघे-तिघे ओढून नेतील. फळी, पेटी आणि डोलकाठी असलेली जड नौका त्या गाळात ओढणे म्हणजे फळीची दुरुस्ती करता करता बूड खरवडून घेणे. शिवाय बाहेर काढूनही फळी मोकळी होईलच असे नाही. काही नौकांत पेटी वरून बंद असते आणि फळी खालूनच निघते. तशी नौका जमिनीवर टेकवली तर फळी अडकूनच बसते, नौका आडवी कलंडवावी लागते. एनडीएचे छात्र खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाच्या नौका शिकतात. तिथल्यासारखा बांधीव उतार आणि गाडा जिथे आहे, तिथे मात्र कोरड्यावरची दुरुस्तीच चांगली, हे मान्यच आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी पूर्ण मानतो. फळी जड असेल तर ती निघताच नौका हलकी झुलू लागते. म्हणून शीड उतरवून, नौका दोन्ही टोकांना बांधून, माणसांनी खाली बसूनच हे काम करावे. श्रावणातल्या वाऱ्यात करू नये. बंद पेटीची फळी काढायला कोणी बुडी मारणार असेल, तर गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही, हे लक्षात घेऊन ते काम सोडून द्यावे. म्हणून नौका विकत घेतानाच वरून उघडणारी पेटी आणि पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेली पिन मागावी. त्यासाठी पेटी थोडी उंच होते, बसायची जागा अडते, वल्ही मारणाऱ्याच्या गुडघ्याला ती लागते. एवढी गैरसोय मार्च-एप्रिलमधल्या त्या गाळापुढे मला फार कमी वाटते. उद्या वडजकडे, मीना नदीच्या काठाने.