घोटीच्या लॉजवरची रात्र

ट्रेकवरचे लेख बहुधा शिखरावर जाऊन संपतात. सूर्योदय, ग्रुप फोटो आणि 'जय शिवराय'! माझा लेख मात्र शिखराच्या बराच अलीकडे, घोटीतल्या एका लॉजमध्येच अडकलाय.

आपल्या संभाजीनगरच्या पोरापोरींचा पहिला किल्ला म्हणजे देवगिरी. शाळेची सहल, चांदमिनार, अंधारीतल्या किंकाळ्या आणि वर जायला पायऱ्या. अलंग-मदनचं तसं नाही. कळसूबाईच्या रांगेतले हे किल्ले १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतले आणि पुन्हा कुणी तिथे ठाण मांडू नये म्हणून कातळातल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. त्यामुळे आजही वर जायचं तर दोर, हार्नेस आणि ते नीट वापरता येणारा माणूस लागतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहाजण निघालो. फायनल इयरचा दादा लीडर, तीन मुलं, मी आणि माझी रूममेट. वैजापूर, येवला, नाशिक असा एसटीचा प्रवास. आम्हा दोघींना अर्धं तिकीट, म्हणून मुलं नाशिकपर्यंत कुरकुरत होती! पहाटे जीपने आंबेवाडी गाठायचं होतं, म्हणून मुक्काम घोटीत. लॉज कसलं, दोन खोल्या, एक बादली आणि खिडकीखाली रात्रभर ट्रकचे हॉर्न. मॅनेजरकाकांनी सहाही आधारकार्डं पाहिली आणि रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' या रकान्यात स्वतःच लिहून टाकलं, 'डोंगर'.

जेवण झाल्यावर दादाने सगळ्यांना एका खोलीत बसवलं. सॅक रिकाम्या करायला लावल्या. माझ्या सॅकमधून शाम्पूची बाटली आणि एम-थ्रीची जर्नल बाहेर निघाली (सबमिशन सोमवारी होतं हो!). मग प्रत्येकाने डोळे मिटून गाठ मारून दाखवायची. सगळ्यांत आधी जमली माझ्या रूममेटला. आमच्यात सगळ्यांत फिट तीच.

शेवटी दादा म्हणाला, "ज्याला यायचं नाही त्याने आत्ता सांगा. इथे सांगितलं तर आपण प्लॅन बदलू. कातळावर सांगितलं तर दोरच अडकतो."

कुणी काही बोललं नाही. सगळे बॅटरीचे सेल मोजायला लागले. आणि मग ती म्हणाली, "दादा, मी वर येत नाही. सायकलवरून पडले होते ना, अजून हात खांद्याच्या वर गेला की कळ येते. बसमध्ये सॅक वर ठेवतानाच कळलं."

आमच्या कॉन्व्हेंटच्या वर्गात 'कान्ट' या शब्दावर लाल फुली मारलेला तक्ता होता. बारा वर्षं तो बघितल्यावर 'जमणार नाही' हे मराठीतसुद्धा तोंडातून निघत नाही. हॉस्टेलला तरी वेगळं काय आहे? केटी लागली, मेसचे पैसे संपले, रात्रभर झोप नाही, तरी कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "एकदम मस्त!" म्हणून तिचं ते वाक्य ऐकून मला तिची दया आली नाही, हेवा वाटला.

दादा एवढंच म्हणाला, "बरं झालं बोललीस." आणि लगेच प्लॅन बदलला. ती आंबेवाडीत थांबणार. आमचे ब्लडग्रुप, घरचे नंबर आणि परतीची वेळ तिच्या वहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत आम्ही उतरलो नाही तर गावातल्या माणसांना घेऊन हालचाल तिने करायची. अचानक तिचं काम आमच्यापेक्षा मोठं झालं होतं. रात्री दिवा मालवल्यावर ती हळूच रडली. मी काही बोलले नाही, फक्त माझं पांघरूण तिच्याकडे सरकवलं.

आम्ही अलंगच्या गुहेत मुक्काम केला, टाक्यातलं पाणी गाळून प्यायलो, दुसऱ्या दिवशी मदनही केला. हात थरथरले, पण दोर कुठे अडकला नाही. साडेपाचला आंबेवाडीत उतरलो तेव्हा ती वही घेऊन रस्त्यावरच उभी होती. आमची डोकी मोजली, पाच भरली, आणि मगच हसली.

कुलंग राहिलाय. खांदा बरा झाला की पुढच्या हिवाळ्यात ती वर येणार, आणि वहीवर बसायची पाळी माझी, असं आमचं ठरलंय. तोपर्यंत हॉस्टेलमध्ये कुणी "कसं चाललंय?" विचारलं, तर आम्ही दोघी खरं उत्तर देऊन बघतोय. ऐकणारे आधी दचकतात, मग स्वतःचंही सांगायला लागतात!