“मॅडम, सोनोग्राफीची तक्रार तुमचीच ना?”

भर दुपारी, रस्त्यात उभा राहून, मान वर करून त्या माणसानं हे विचारलं. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. खाली वॉचमन, किराणावाला, दूध घ्यायला आलेल्या दोघी. मी ‘नाही’ म्हणाले तर हा गडी फोन कानाला लावून माझाच नंबर फिरवतो, आणि माझ्या हातातला फोन वाजतो! वर पुन्हा बोट करून, “कुठला फ्लॅट तो? समोरचा का?”

समोरचाच. रविवारी पहाटे तिथं गाडी यायची, एक जण लॅपटॉपच्या बॅगेएवढं काहीतरी खांद्याला लावून वर जायचा. मग केए पासिंगच्या गाड्या. पोट नुकतं दिसायला लागलेली बाई, सोबत सासू, नवरा खालीच. म्हैसाळ आमच्या मिरजेपासून किती लांब? २०१७ साली तिथं १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेव्हा ‘आम्हाला काही कल्पना नव्हती’ म्हणणारे किती निघाले होते! म्हणून गर्भलिंग तपासणीच्या तक्रारीसाठीचा १८०० २३३ ४४७५ फिरवला. पलीकडची मुलगी फार नीट बोलली. पत्ता, वार, वेळ, गाडीचा नंबर विचारला. नाव गुप्त राहील म्हणाली. तिच्याकडून राहिलंही असेल. माझा नंबर मात्र खालपर्यंत पोचला.

अशा ठिकाणी डमी पेशंट पाठवून, मशीन चालू असताना धाड घालायची असते. इथं आधी बोंब. पुढच्या रविवारी फ्लॅटला कुलूप, गाडी नाही, बॅग नाही. झालं!

वर किराणावाला विचारतो, “ताई, लाख रुपये मिळाले का?” खबर देणाऱ्याला सरकार लाखाचं बक्षीस देतं, हे त्याला बरोबर ठाऊक. मी पैशासाठीच केलं, असं अख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, “तुला कशाला नसती उठाठेव?” मुलाला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी मी खाली उतरायला लागले.

गंमत म्हणजे बॅगवाल्यापेक्षा मला त्या सरकारी माणसाचाच राग जास्त आला, अजूनही येतो. हे बरोबर नाही, कळतं. त्यालाही तालुकाभर एकट्यालाच पळवत असतील. पण खाली उभं राहून ओरडू नये, एवढं शिकवायला काय लागतं?

परत या भानगडीत पडायचं नाही, असं नवऱ्याला सांगून टाकलं होतं. परवा मागच्या गल्लीतली एक जण दबक्या आवाजात विचारायला आली. तिला नंबर लिहून दिला. म्हटलं, परगावच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवरून कर, आणि कुणी खालून हाक मारली तर गॅलरीत येऊ नकोस.