उचलणे आणि ठेवणे

ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग या पाच समित्यांची नावे श्रावकाच्या घरात लहानपणापासून कानांवर पडतात. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्या याच क्रमाने आल्या आहेत. पहिल्या तिघींविषयी प्रवचनांत पुष्कळ ऐकायला मिळते. पायांखाली पाहून चालावे, तोलून बोलावे, आहार निर्दोष घ्यावा, हे आपण मुलांनाही सांगतो. चौथीपाशी मात्र आपण फारसे रेंगाळत नाही. आदान म्हणजे घेणे आणि निक्षेपण म्हणजे ठेवणे. साधुसाध्वी एखादी वस्तू उचलण्यापूर्वी ती न्याहाळून पाहतात आणि ठेवण्यापूर्वी ती जागा ओघ्याने किंवा पिंछीने हलकेच पुसून घेतात. सूक्ष्म जिवाला इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. गृहस्थाला हे काटेकोर पालन शक्य नाही, हे खरे. पण वस्तू कशी उचलावी आणि कशी ठेवावी, याला आपल्या आचार्यांनी स्वतंत्र स्थान दिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

गेल्या काही वर्षांत मला या चौथ्या समितीची आठवण वारंवार झाली, ती उपाश्रयात नव्हे, तर आमच्या घराच्या पडवीत. निमित्त केकच्या खोक्यांचे.

आमचे घर मार्गासनीत. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. येथूनच साखरमार्गे राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावाकडे फाटा फुटतो. बँकेतील नोकरी संपवून मी गावी परतलो. त्यानंतर सूनबाईंनी घरातच बिनअंड्याचे केक करण्यास सुरुवात केली. प्रथम नात्यातल्या मुलांचे वाढदिवस झाले, मग विंझर, वेल्हे, नसरापूर येथील घरांतून मागणी येऊ लागली. आता पुण्यातील साधर्मिक कुटुंबेही येतात. विशेषतः ज्यांच्याकडे आहाराचे नियम कडक आहेत, अशी.

हे नियम आणि केकचा नाजूकपणा यांचा थेट संबंध आहे, तो बहुतेक ग्राहकांच्या ध्यानात येत नाही. अंड्यातील प्रथिने भाजताना घट्ट होतात आणि केकला आतून आधार देतात. अंडे नसले की हे काम दही, दूध आणि मैदा यांच्यावर येते. दही आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की वायू सुटतो, त्याने केक फुगतो, पण त्याचा पोत अधिक मऊ आणि ठिसूळ राहतो. काही केक बसवण्यासाठी जिलेटिन वापरतात. ते प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून होते, म्हणून आपल्याला वर्ज्य. लोण्याच्या क्रीमची सजावट थंड झाल्यावर चांगली टणक होते. परंतु लोणी महाविगईंपैकी एक, म्हणून अनेक घरांत तेही चालत नाही. उरते ते फेटलेले साधे क्रीम, आणि ते उष्णतेने लवकर सैल पडते. त्यातच बासी न खाणारी कुटुंबे केक त्याच दिवशी केलेला मागतात. रात्रभर शीतकपाटात राहून घट्ट होण्याची सवलत अशा केकला मिळत नाही. शिवाय चौविहार असल्याने तो सूर्यास्तापूर्वी कापायचा असतो, त्यामुळे नेणारा घाईत असतो. म्हणजे जो केक सर्वांत अधिक जपून न्यायला हवा, तोच सर्वांत अधिक घाईने नेला जातो.

नेण्याच्या तऱ्हा मी पडवीतून रोज पाहतो. कोणी खोका पिशवीत घालून दुचाकीच्या हुकाला अडकवतो. प्रत्येक खड्ड्याला तो पायावर आपटत राहतो. कोणी दोन्ही हातांनी घ्यायच्या वस्तूची दोरी एका बोटात अडकवून दुसऱ्या हाताने फोनवर बोलत निघतो. मोटारीतून येणारे बहुधा खोका मागच्या आसनावर ठेवतात. ते आसन पाठीकडे उतरते असते, हे आपण रोज त्यावर बसूनही लक्षात घेत नाही. काहीजण मोठ्या प्रेमाने खोका मांडीवर घेतात. मांडी सपाट नसते आणि शरीराची ऊब पुठ्ठ्यातून आत जाते, हा विचार प्रेमाच्या भरात राहून जातो. एकाने तर पुठ्ठ्यावर स्वतःची हातपिशवी ठेवली होती.

ही माणसे निष्काळजी स्वभावाची आहेत, असे मला वाटत नाही. याच घरांतील हात स्नात्रपूजेत कलश किती जपून धरतात, हे मी पाहिले आहे. आरतीचे ताट नेताना वाऱ्याने ज्योत फडफडू नये म्हणून दुसरा हात आपोआप आडवा येतो. मग केकच्या बाबतीतच असे का व्हावे?

मला याचे कारण आपल्या मिठाईच्या परंपरेत दिसते. आपले गोड पदार्थ मुळात प्रवासाला तयार असतात. पेढे, बुंदीचे लाडू, बर्फी, सुखडी यांतील कोणताही पदार्थ कागदात बांधून पिशवीत टाकावा आणि एस.टी.ने खुशाल न्यावा. एखाद्या पेढ्याची कड मोडली, तरी आनंद मोडत नाही. जेवण वाहून नेण्याची आपली साधनेही अशीच क्षमाशील. मुंबईतील डबेवाल्यांची व्यवस्था १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली आणि मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या आपल्याच डोंगराळ भागातील माणसांनी ती चालवली. त्यांची शिस्त जगभर वाखाणली गेली, ती योग्यच. पण त्या शिस्तीला डब्याचीही साथ आहे. घट्ट झाकण, कडी, गोल आकार. लोकलच्या गर्दीतून जाऊनही आतली भाजी भाजीच राहते. केकला अशी कडी नाही. तो दोन-तीन पिढ्यांत आपल्या घरांत आला आणि वाढदिवसाचा मानकरी झाला. पदार्थ आला, मात्र त्याला वाहून नेण्याची रीत त्याच्यासोबत आली नाही. आपण त्याला पेढ्यांच्या पुड्यासारखे नेतो.

गेल्या उन्हाळ्यात घडलेला एक प्रसंग यासाठीच सांगतो. पुण्याच्या एका गृहस्थांनी आपल्या मातोश्रींच्या पंचाहत्तरीसाठी दोन मजली केक सांगितला होता. सूनबाई पहाटेपासून त्यात होत्या. सकाळी दोन तास वीज नव्हती, तेव्हा त्यांनी शेजारच्या घरातून बर्फ आणून क्रीम थंड ठेवले. दुपारी गृहस्थ आले. खोका पुढच्या आसनासमोर पाय ठेवण्याच्या सपाट जागेत ठेवावा, वातानुकूलन चालू असावे, असे त्यांना सांगितले. त्या जागी त्यांचे सामान होते. ‘काही होत नाही हो,’ म्हणत त्यांनी खोका मागच्या आसनावर ठेवला.

खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापाशी पुढची गाडी एकाएकी थांबली आणि यांनाही जोराने थांबावे लागले. दोन मजली केकच्या खालच्या थरात उभ्या नळ्या रोवलेल्या असतात. त्या वरच्या थराचे वजन पेलतात. पण त्यांचे बळ उभ्या भारापुरते असते. आडव्या धक्क्यापुढे त्या काहीही करू शकत नाहीत. वरचा थर घसरला आणि खोक्याच्या भिंतीला टेकला.

दूरध्वनी आला तेव्हा आवाजात राग होता. ‘तुमचा केक कच्चा निघाला. आईसमोर आता काय ठेवू?’ सूनबाईंनी वाद घातला नाही. सूर्यास्ताला किती वेळ आहे, एवढेच विचारले. मग वरचा थर चपट्या उलथन्याने अलगद उचलून वेगळ्या ताटलीत कसा घ्यावा, कोमट सुरीने बाजू कशा सारख्या कराव्यात, खालच्या थरावरच्या खुणा फुलांनी कशा झाकाव्यात, हे त्या पाऊण तास फोनवर सांगत होत्या. एकाऐवजी दोन केक झाले. आजींनी ते दिवस मावळण्यापूर्वी कापले.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी निम्मे पैसे परत मागितले.

त्या रात्री आमच्या घरात बराच वेळ चर्चा झाली. चिरंजीवांचे म्हणणे, देऊन टाकावे, गावात नाव खराब नको. मी हिशेबाच्या बाजूने पाहिले. परिव्यय लेखांकनात तोटा दोन प्रकारचा असतो. केकचा फुगवटा कापून तो सपाट करताना जो चुरा पडतो, तो साधारण तोटा; तो किमतीत धरलेलाच असतो. गाडी जोराने थांबल्यामुळे झालेला तोटा असाधारण. तो भरून देण्याची सवय लागली, तर उद्या सगळ्यांसाठी किंमत वाढवावी लागेल, आणि जपून नेणारा ग्राहक बेफिकीर ग्राहकाचे नुकसान भरत राहील. कायद्याचा कलही तोच. वस्तुविक्री अधिनियम, १९३० यानुसार, वेगळे काही ठरले नसेल तर मालकीबरोबर जोखीमही खरेदीदाराकडे जाते. बँकेच्या खिडकीवरची ‘रक्कम येथेच मोजून घ्यावी’ ही पाटी त्याच समजुतीची.

सूनबाईंनी हे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘बाबा, कायदा राहू द्या. पैसे मोठे नाहीत. पण मी ते परत दिले तर केक कच्चा होता, असे मीच कबूल केल्यासारखे होईल. तो कच्चा नव्हता. पहाटेपासूनचे काम मी खोटे कसे ठरवू?’

त्यांनी पैसे परत दिले नाहीत. तसे त्यांनी गृहस्थांना शांतपणे, आजींना नमस्कार सांगून, कळवले. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. त्याचे वाईट सूनबाईंना वाटले, हे मी जाणतो. परंतु त्या वाक्यात मला जे दिसले, ते हिशेबाच्या वहीत कधी दिसले नव्हते. आपण वस्तू आदळतो तेव्हा कोणाचे तरी जागलेले तासही आदळतो. अहिंसेचा विचार जिवाला होणाऱ्या इजेपासून सुरू होतो. श्रम करणाऱ्याच्या मनाला होणारी इजा त्याच्या बाहेर कशी ठेवता येईल?

त्यानंतर सूनबाईंनी देण्याची पद्धत बदलली. मी छापील पावती सुचवली होती : ‘माल सुस्थितीत मिळाला’ आणि खाली सही. त्यांना ती रुचली नाही. त्या आता खोका उघडून केक दाखवतात आणि सपाट मेजावर त्याचे छायाचित्र ग्राहकालाच घ्यायला सांगतात. मग खोका त्याच्या दोन्ही हातांत, तळाखाली तळवे येतील असा देतात आणि गाडीपर्यंत सोबत चालतात. केवढे वजन आहे आणि ते कसे हलते, हे दहा पावलांत हातांना कळते. कोणत्या वाहनाने नेणार, हे त्या मागणी घेतानाच विचारतात. दुचाकीवर दोन मजली केक त्या देत नाहीत. एक मजली देतात, तोही मागे बसलेल्याच्या हातात. मोटारीत पायांजवळची जागा आधी रिकामी करून घेतात आणि खाली रबरी जाळीची चटई घालून देतात, म्हणजे खोका सरकत नाही. लांब जायचे असल्यास वरचा थर वेगळ्या खोक्यात देतात आणि घरी पोचल्यावर तो कसा बसवावा, हे दाखवतात.

या सगळ्याला पाच-सात मिनिटे अधिक लागतात. प्रारंभी काहीजण कंटाळले. आता बरेचजण स्वतःहून विचारतात, ‘ताई, कुठे ठेवू?’ मला या प्रश्नाचे मोल फार वाटते. वस्तू ठेवण्यापूर्वी जागा पाहणे, एवढेच तर चौथी समिती सांगते.

वाचकांना माझी विनंती मोठी नाही. पर्युषणात आपण प्रतिक्रमण करतो, वर्षभराच्या दोषांची क्षमा मागतो. त्या यादीत मोठ्या चुकांबरोबर ही छोटी हालचालही असावी. सिलिंडर आणणाऱ्याकडून सिलिंडर घेताना, कुंभाराचे मडके उचलताना, ग्रंथालयाचे पुस्तक परत ठेवताना, कोणी मांडून दिलेले ताट पुढे सरकवताना क्षणभर हात थांबावा. केक आणायला जाल, तेव्हा घरून निघतानाच गाडीतील पायांजवळची जागा मोकळी करा, अर्धा तास हाताशी ठेवा आणि टोलनाका, गतिरोधक यांच्या आधीच वेग उतरवा. सूर्यास्ताची वेळ पंचांगात आगाऊ छापलेली असते. घाई करण्याचे कारण उरत नाही.

जयणा हा शब्द आपण फार मोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवला आहे. तो पुठ्ठ्याच्या खोक्यालाही लागू पडतो.

जय जिनेंद्र.