चौथी भिंत

गिरगावातल्या आमच्या चाळीत भिंती होत्या, पण नावाला. दोन बिऱ्हाडांमध्ये लाकडी फळ्यांचं पार्टिशन आणि त्यावर वर्षानुवर्षांचे चुन्याचे थर. शेजारच्या काकूंनी मिरचीची फोडणी दिली की ठसका आम्हांला लागायचा. माझ्या वडिलांचं, अण्णांचं घोरणं ही अख्ख्या मजल्याची सामाईक मालमत्ता होती. दहावीचा माझा निकाल मी जिना चढेपर्यंत गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता आणि तिथून पेढ्यांची मागणीही परत आली होती. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं. आईने दोरीवर जुनं नऊवारी टाकून खोलीचे दोन भाग केले होते. कपडे बदलायचे, रडायचं, चोरून कादंबरी वाचायची, सगळं त्या लुगड्याआड.

‘भिंतीला कान असतात’ ही म्हण आमच्याकडे दिवसातून दोनदा तरी ऐकू यायची आणि ते कान कोणाचे हेही सगळ्यांना ठाऊक असायचं. 1975च्या जूनमध्ये आणीबाणी आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. अण्णा एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. रात्री गॅलरीत कठड्याला टेकून चालणाऱ्या त्यांच्या राजकारणाच्या गप्पा एकाएकी बंद झाल्या. मित्र आले तर क्रिकेटवर बोलायचे, तेही जरा जास्तच मोठ्याने. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे त्यांना अटकही झाली. ही बातमी अण्णांनी आईला सांगितली ती लुगड्याच्या पलीकडे, कुजबुजत. मी अलीकडे जागीच होते. म्हण तीच होती, पण आता ते कान कोणाचे हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

इंग्रज लेखक ऑर्वेलची ‘1984’ ही कादंबरी मी 1984 सालीच वाचली. यात योगायोग काही नाही. त्या वर्षी जो उठे तो त्या पुस्तकाचं नाव घेत होता, म्हणून फोर्टच्या फुटपाथवरून एक कान मोडलेली प्रत आणली. वाचलेले लोक त्यातल्या ‘बिग ब्रदर’बद्दल, म्हणजे सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या हुकूमशहाबद्दल बोलायचे. मी अडकले एका कोनाड्यात. नायक विन्स्टनच्या खोलीतला टेलिस्क्रीन, म्हणजे जो दिसतोही आणि बघतोही तो पडदा, नेहमीच्या भिंतीवर न बसवता भलत्याच भिंतीवर बसवलेला असतो. त्यामुळे खोलीतला एक कोनाडा त्याच्या नजरेतून सुटतो. तिथे अंग चोरून बसला की विन्स्टन दिसत नाही. तिथेच तो रोजनिशी लिहायला घेतो. मला ती जागा लगेच ओळखू आली. आमचं लुगडंच ते. पुढे तो जुन्या वस्तूंच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतो, तिथे टेलिस्क्रीन नाही म्हणून निर्धास्त होतो, प्रेम करतो; आणि एक दिवस भिंतीवरच्या चित्रामागून आवाज येतो. ते पान मी लोकलमध्ये वाचलं आणि माझं स्टेशन गेलं.

या पुस्तकाच्या मागे आपल्याकडची एक बाई उभी आहे, हे मला फार उशिरा कळलं. मोतीहारीत जन्मलेला ऑर्वेल 1941 ते 43 बीबीसीच्या पूर्व विभागात होता आणि भारतासाठी कार्यक्रम करत होता. त्याने लिहिलेली युद्धाची बातमीपत्रं मराठीतही भाषांतरित होऊन जायची. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तिथे त्याच्याबरोबर काम करत होत्या. 1942च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात मायक्रोफोनभोवतीच्या घोळक्यात टी. एस. एलियट आहे, मुल्कराज आनंद आहेत, ऑर्वेल आहे आणि वेणूताईही आहेत. कचेरी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, एका डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत. माणसं बसायची ती छतापर्यंत न पोचणाऱ्या पार्टिशनांच्या खुराड्यांत. म्हणजे चाळच की! प्रत्येक संहिता सेन्सॉरच्या हाताखालून गेल्याशिवाय हवेत जात नसे. विन्स्टन जिथे नोकरी करतो ते सत्य मंत्रालय ऑर्वेलने नुसतं मॉस्कोकडे बघून लिहिलं असं समजणाऱ्यांनी त्या खुराड्यांकडेही एकदा बघावं. आमच्या आजोबांकडे तेव्हा रेडिओ नव्हता, त्यामुळे ऑर्वेलचा मराठी श्रोता होण्याचा मान आमच्या घराण्याने गमावला.

ऑर्वेलमुळे झाम्यातिन हाती आला. येवगेनी झाम्यातिन जहाजबांधणीतला रशियन इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला रशियासाठी बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करत होता. परत जाऊन, क्रांतीनंतर त्याने ‘वुई’ म्हणजे ‘आम्ही’ लिहिली. ती 1924 साली इंग्रजीत आली, त्याच्या स्वतःच्या देशात छापायला मात्र 1988 उजाडलं. त्यात माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत, आणि घरांच्या भिंती काचेच्या. सगळे सगळ्यांना सदैव दिसतात. पडदे ओढायचे ते ठरल्या दिवशी, ठरल्या जोडीदारासाठी, गुलाबी कुपन दाखवून.

समीक्षक या काचेने हादरतात. मला खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात हसू आलं. सगळे सगळ्यांना दिसतात, यात नवल ते काय? दुसऱ्या वाचनात फरक कळला. काकू आमच्यात डोकावायच्या तेव्हा आम्हीही त्यांच्यात डोकावत होतो. त्यांच्या मुलाने परीक्षेला दांडी मारली हे आम्हांला ठाऊक, माझी पत्रं कोणाकडून येतात हे त्यांना. दोन्हीकडे भांडवल सारखं, म्हणून दोन्हीकडची तोंडं वेळेला बंद राहायची. आणि आईला रात्री ताप चढला तेव्हा आम्ही हाक मारायच्या आत काकू दारात होत्या. झाम्यातिनच्या काचेतही शेजारी शेजाऱ्याला दिसतो, पण ज्याच्या हाती कुपनं आहेत तो कोणालाच दिसत नाही.

लग्न होऊन डोंबिवलीला आले. वन बीएचके. खऱ्या विटांच्या भिंती, बेडरूमला आतून कडी. पहिले काही आठवडे मला झोपच लागेना. कुणी खोकत नाही, कुणाचं भांडं पडत नाही. हीच शांतता आपण लहानपणी लुगड्याआडून मागत होतो, हे आठवून स्वतःचाच राग यायचा.

हक्सलीचं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ याच काळात वाचलं. 1932चं पुस्तक. तिथे कुणाला दटावावं लागत नाही. सोमा नावाची गोळी आहे, झोपेत दिलेलं शिक्षण आहे, सगळे मजेत आहेत. हक्सली ईटनच्या शाळेत काही काळ ऑर्वेलला फ्रेंच शिकवायला होता, आणि ‘1984’ आल्यावर, राज्य करायला दहशतीच्या बुटापेक्षा गोळी सोयीची, अशा अर्थाचं पत्र त्याने आपल्या जुन्या विद्यार्थ्याला लिहिलं. दोघांतला बरोबर कोण, हा वाद लोक हौसेने घालतात. मला तो पुलाव की बिर्याणी छापाचा वाटतो. पुस्तक मात्र हुशार आहे आणि थंड. त्यातलं एकही माणूस आमच्या चाळीत राहू शकलं नसतं.

अण्णा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. तिच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लावला. चाळीत एकाच घरी टीव्ही होता. तिथे ‘गजरा’ बघायला सगळा मजला मांडीला मांडी लावून बसायचा, आणि आईला दाराच्या चौकटीतून निम्मा पडदा दिसायचा. आता अख्खी भिंत तिची. संध्याकाळी साडेसहापासून ती मालिकेतल्या माणसांशी बोलायची. “अगं, तो खोटं बोलतोय, नको ऐकूस त्याचं.” एका मालिकेत लग्न होतं त्या दिवशी तिने शिरा केला. आम्ही हसलो, आणि शिरा खाल्ला.

रे ब्रॅडबरीचं 1953चं ‘फॅरनहाइट 451’ मी तेव्हा वाचायला घेतलं ते पुस्तकं जाळणाऱ्या बंबवाल्यांची गोष्ट म्हणून. ब्रॅडबरीने तिचा खर्डा लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला दहा सेंट घेणाऱ्या भाड्याच्या टाइपरायटरवर बडवला. पण मला भेटली ती नायकाची बायको, मिल्ड्रेड. तिच्या दिवाणखान्याच्या तीन भिंती टीव्हीच्या आहेत. त्यातल्या माणसांना ती आपलं कुटुंब म्हणते. तिला घरपोच संहिता येते, तीत एका पात्राची वाक्यं गाळलेली असतात. वेळ आली की भिंतीतली माणसं तिच्याकडे वळून बघतात आणि ती आपलं वाक्य म्हणते. आता तिला चौथी भिंत हवी आहे. दोन हजार डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा.

ब्रॅडबरी मिल्ड्रेडशी फार कोरडा वागला आहे. नायकाला बंडाच्या वाटेवर न्यायला शेजारची एक गोड मुलगी भेटते, एक म्हातारा प्राध्यापक भेटतो. मिल्ड्रेडकडे कोण आलं? नवरा-बायको पहिल्यांदा कुठे भेटले हे दोघांनाही आठवत नाही, मग घरात तिच्याकडे वळून बघणारं भिंतीशिवाय होतं तरी कोण? हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि आईच्या खोलीत जाऊन बसले. तिने हाताने खूण केली, “थांब, जाहिरात लागू दे.”

मुलगा कॉलेजात असताना त्याने मला ‘द मेट्रिक्स’ दाखवला. सिनेमा 1999चा. त्यात माणसं यंत्रांच्या ताब्यात झोपलेली आहेत आणि त्यांना वाटतंय आपण शहरात राहतो, नोकरी करतो. नायकाच्या मंडळींना कोंडायचं ठरतं तेव्हा खिडक्यांच्या जागी बघता बघता विटा येतात. ते मला आवडलं. “आई, ही म्हणजे आपली माया,” मुलगा म्हणाला. सगळेच तसं म्हणतात. मला पटत नाही. वेदान्तातल्या मायेवर कोणाचं दुकान चालत नाही. इथे झोपलेल्या माणसाच्या अंगातून वीज काढली जाते. भ्रम तयार करणारा हिशेब ठेवून आहे.

त्यापेक्षा 1998चा ‘द ट्रूमन शो’ माझ्या जवळचा. ट्रूमन जन्मापासून एका प्रचंड स्टुडिओत वाढलेला आहे, त्याचं आयुष्य हाच जगभर चालणारा कार्यक्रम, आणि त्याला ते माहीत नाही. शेवटी तो होडीत बसून पळतो आणि होडीचं टोक आभाळात घुसतं. आभाळ म्हणजे रंगवलेली भिंत. तो ती आधी हाताने चाचपतो, मग खांद्याने धडका मारतो. ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत आळंदीला अजून दाखवतात. ट्रूमनची जागची हलत नाही, त्याला जिना शोधावा लागतो, मग दार. तो बाहेर पडतो तेव्हा प्रेक्षक जल्लोष करतात आणि लगेच, दुसरीकडे काय लागलंय बघू, म्हणून त्या प्रेक्षकांतलेच दोघे पहारेकरी कार्यक्रमपत्रिका मागतात. आईने हा प्रसंग माझ्याबरोबर पाहिला. तिला फक्त एकच चिंता होती, आता त्या पोराला जेवायला कोण घालणार?

2020च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा मुलगा म्युनिकला होता. रोज रात्री तो फोनच्या पडद्यावर यायचा. त्या दिवसांत ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशिन स्टॉप्स’ ही जुनी दीर्घकथा वाचली. हा फॉर्स्टर पुढे देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचा खाजगी सचिव होता. कथा 1909ची, रेडिओवरचे कार्यक्रमही सुरू झाले नव्हते तेव्हाची. माणसं जमिनीखाली, मधमाशीच्या घरासारख्या एकेका खोलीत राहतात. आई पृथ्वीच्या एका टोकाला, मुलगा दुसऱ्या टोकाला. एका निळसर तबकडीत ते एकमेकांना दिसतात. मुलगा म्हणतो, मला तुला यंत्रातून नाही, समोर बघायचंय. आईला प्रवासाचा कंटाळा आहे. मुलाचा चेहरा उदास वाटतो का, हे तिला नीट सांगता येत नाही. यंत्र तेवढं बारीक दाखवत नाही.

तो भाग वाचल्यावर त्या रात्री मी मुलाला विचारलं, “तू उदास दिसतोयस का रे?”

“लाइट मागून येतोय गं,” तो म्हणाला.

आई गेल्या वर्षी गेली. शेवटचे दोन महिने तिला ऐकू कमी यायचं, म्हणून टीव्हीचा आवाज वाढवलेला असे, आणि शेजारचे तक्रार करत नसत. दिवाळीआधी तिची खोली रंगवायला काढली. टीव्ही उतरवला तर मागे भिंतीचा जुना फिकट पिवळा रंग चौकोनात तसाच राहिला होता. चार भोकं, एक लोंबती वायर. रंगारी पट्टी घासता घासता थांबला.

“ताई, इथं काय करायचं? पॉइंट बुजवू का ठेवू?”

मी जरा वेळ चौकोनाकडे बघत राहिले. मग म्हटलं, “असू दे. ठेवा.”