उजेडाचा रंग

मराठीत उजेडाला विशेषणांची वाण नाही. तो मिणमिणता असतो, मंद असतो, प्रखर असतो, लख्ख असतो. मात्र ही विशेषणे उजेड किती आहे एवढेच सांगतात. त्याच्या रंगाविषयी ती मौन पाळतात. त्यामुळे दिव्यांच्या दुकानात आपण ‘चांगला पांढरा उजेड हवा’ असे म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपल्या मनात ‘अधिक उजेड हवा’ एवढाच अर्थ असतो. पांढरेपणा आणि उजळपणा या दोन भिन्न गोष्टी आपण एकाच शब्दात बांधून टाकतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या घराची दुरुस्ती निघाली, तेव्हा हा भेद मला प्रकर्षाने जाणवला. आईने सत्तरी ओलांडली होती. स्वयंपाकघरात ट्यूबलाइट होती आणि तिचा उजेड पांढराच होता. तरीही रात्रीची औषधे काढताना फिकट गुलाबी गोळी कोणती आणि पांढरी कोणती, हे आईला उमगत नसे. एक रक्तदाबाची, दुसरी मधुमेहाची. हा चुकण्याचा विषय नव्हता. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुली पूर्वीइतकी विस्तारत नाही. म्हणून वृद्धांना अधिक उजेड लागतो. परंतु येथे प्रश्न केवळ प्रमाणाचा नव्हता. जुन्या साध्या ट्यूबलाइटच्या प्रकाशात तांबड्या छटांचा अंश कमी असतो. त्यामुळे गुलाबी रंग त्यात फिका पडतो.

वायरमनने छतात बसवायचे हॅलोजनचे छोटे दिवे सुचवले. हॅलोजन म्हणजे मूलतः साध्या बल्बचाच सुधारलेला भाऊ. साध्या बल्बमधील टंगस्टनच्या तारेची हळूहळू वाफ होते आणि ती काचेवर काळी पुटे धरते. हॅलोजनच्या दिव्यात आयोडीन किंवा ब्रोमीन हे टंगस्टन पुन्हा तारेकडे पोहोचवते. त्यामुळे तार अधिक तापवता येते, आणि ती जितकी तापते तितका उजेड पांढरा होतो. साध्या बल्बचा प्रकाश सुमारे 2700 केल्व्हिनचा, तर हॅलोजनचा 3000च्या आसपास.

येथे भाषेच्या अभ्यासकाला गंमत वाटावी अशी एक विसंगती आहे. खोक्यावर पिवळसर उजेडाला ‘वॉर्म’ आणि 6500 केल्व्हिनच्या निळसर उजेडाला ‘कूल’ म्हटलेले असते. तापमानाच्या हिशेबाने हे अगदी उलट आहे. पण शब्द भौतिकशास्त्राला विचारून घडत नाहीत. त्यांच्यामागे चुलीचा जाळ आणि चांदणे यांची आठवण असते.

आम्ही ओट्यावर आणि जेवणाच्या मेजावर 50 वॉटचे हॅलोजन बसवले. हातांची सावली कामावर पडू नये म्हणून ते डोक्याच्या मागे न घेता किंचित पुढे घेतले. ट्यूबलाइटपेक्षा हा उजेड पिवळसरच होता. परंतु त्यात सर्व रंगांचा अंश होता. गोळ्या वेगळ्या दिसू लागल्या. आई म्हणाली, “आता डब्यातली हळद हळदीसारखी दिसते.” उजेडाची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. अर्थात त्याची किंमतही मोजावी लागे. या दिव्यांची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. वैशाखात मेजाजवळ बसवत नसे.

आज ती जागा एलईडीने घेतली आहे. तेवढ्याच उजेडाला त्याला कितीतरी कमी वीज पुरते. मात्र ‘हॅलोजन’ हा शब्द गेलेला नाही. मांडवातल्या किंवा मैदानावरच्या कोणत्याही झगझगीत दिव्याला लोक सर्रास हॅलोजन म्हणतात. बाजारात ‘एलईडी हॅलोजन’सुद्धा मिळतो. अर्थविस्ताराचे याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही. वस्तू मागे पडते, नाव पुढे चालत राहते.

म्हणूनच दिवा निवडताना केवळ नावावर किंवा ‘पांढरा’ या एका विशेषणावर विसंबू नये. उजेड किती, हे ल्युमेनवरून कळते. त्याची छटा केल्व्हिनवरून. तिसरा आकडा असतो रंग किती खरे दिसतील याचा. तो शंभरपैकी नव्वदच्या वर असावा. ज्या घरात वृद्ध माणसे आहेत, त्या घरात हा तिसरा आकडा आधी पाहावा.