कारैकुडीच्या बाजारातली माहेरची भांडी

तामिळनाडूत मदुराईहून सुमारे ९० किलोमीटरवर कारैकुडी आहे. चेट्टिनाड या प्रदेशाची ही मोठी बाजारपेठ. बहुतेक प्रवासी येतात ते झणझणीत जेवणासाठी आणि वाडे पाहायला. जुन्या वस्तूंची आवड असेल, तर मुनीश्वरन कोविल स्ट्रीटसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. दुकानांतला माल पार रस्त्यावर आलेला असतो: सागवानी खांब, दरवाज्यांच्या चौकटी, पितळी हंडे, बेल्जियमचे आरसे, एनॅमलचे डबे, लाकडी 'मरपाची' बाहुल्यांच्या जोड्या. एखादं अख्खं घर कुणी उलटं करून झटकलं असावं, असं वाटतं.

आणि खरोखरच तसं घडलेलं आहे. नाट्टुकोट्टै चेट्टियार ही इथली सावकारी पेशाची जमात. एकोणिसाव्या शतकात आणि पुढेही त्यांनी ब्रह्मदेश, सिलोन, मलायात पैसा मिळवला आणि गावी वाडे बांधले. लाकूड ब्रह्मदेशचं, संगमरवर इटलीचा. एकामागून एक चौक असलेले हे वाडे एका गल्लीत सुरू होतात आणि मागच्या गल्लीत संपतात. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, १९४८ मध्ये तो देश स्वतंत्र झाला, आणि तिथली जमीन व सावकारी हळूहळू हातची गेली. मागे राहिले ते वाडे, आणि प्रत्येक वाड्याचे डझनावारी वारस.

चौकाभोवतीची एकेक खोली एकेका वारसाच्या वाट्याची. वारस चेन्नईत, सिंगापुरात, खोलीला कुलूप. लग्नकार्याला सगळे जमतात, एरवी राखणदार दिवा लावतो. छप्पर गळू लागलं की खर्च कुणी करायचा, यावर एकमत होत नाही. शेवटी वाडा मोडायला दिला जातो. दारं, खांब, तुळया सुट्या होऊन या रस्त्यावर येतात.

मला सगळ्यात चटका लावला तो भांड्यांनी. चेट्टियार मुलीला लग्नात माहेरून भांडी मिळत ती डझनांनी आणि सगळ्या आकारांची. आपल्याकडे टिंबाटिंबांनी नाव घालतात, तसंच त्यांवरही घातलेलं असतं. एका दुकानात मी एक पितळी डबा उचलला. दुकानदाराने तो तराजूत टाकला आणि वजनावर भाव सांगितला. नाव वाचून दाखवा म्हटलं, तर त्याने वाचलं. बाईचं नाव होतं. कोणत्या घरचा, कोणत्या गावचा? "एका लॉटमध्ये आला," एवढंच उत्तर. पितळेची किंमत होते, घडणावळीचीही थोडीफार होते. पण हा डबा कुणाच्या लग्नातला, हे कळायचा रस्ता वाड्याच्या दारातच बंद झाला होता. तुमच्या आजीच्या फणेरपेटीचं हेच होऊ नये असं वाटत असेल, तर विकायचं की ठेवायचं ते मागाहून ठरवा. आधी घरातल्या थोरांना विचारून कुणाची, कुठून आली, ते एका चिठ्ठीवर लिहून पेटीतच ठेवा.

वस्तू किती जुनी हे ओळखायला मोठी विद्या लागत नाही, थोडी चिकित्सा लागते. एनॅमलचा डबा उलटा करा. बुडावर चेकोस्लोव्हाकियाचं नाव असेल, तर तो १९१८ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा नव्हता. 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल, तर काळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सहा-सात वर्षांतला. पितळेची झीज कुठे आहे ते पाहा. खरी झीज हात लागतो तिथे, म्हणजे कडीवर आणि बुडाच्या काठावर असते. सगळीकडे सारखंच काळवंडलेलं भांडं दिसलं, तर ते आम्लात बुडवलेलं नाही ना, अशी शंका घ्यावी. आणि घरची जुनी वस्तू चिंच लावून लखलखीत करण्याचा मोह आवरा. वर्षांचा राप गेला की किंमतही उतरते.

या दुकानांत मराठी माणसाला अचानक ओळखीचं भेटतं ते भिंतीवर. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी, काहींवर जरी-टिकल्यांची खरी वस्त्रं चिकटवलेली. खालच्या ओळीत छापखान्याचं नाव: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे मळवलीला गेला. या चित्रांच्या नकलाही भरपूर आहेत, म्हणून भिंग जवळ ठेवा. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे दिसतात. ते शिस्तीत ओळीने उभे असतील, तर छपाई अलीकडची.

मूर्तीच्या वाटेला मात्र जाऊ नये. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या मूर्ती आणि चित्रांची तर नोंदणीही लागते. परदेशातल्या भावाला भेट म्हणून काही पाठवायचा विचार असेल, तर हे आधी ध्यानात घ्या. आणि काहीही घेतलंत तरी पक्की पावती मागा.

बाजार पाहून झाला की कानाडुकात्तान गाठा. रिक्षाने फार वेळ लागत नाही. तिथे काही वाडे अजून जागच्या जागी उभे आहेत, काहींची हॉटेलं झाली आहेत, आणि काहींत थोडे पैसे घेऊन आत सोडतात. अंड्याचा पांढरा बलक घातलेल्या चुन्याच्या भिंतीवरून हात फिरवून पाहा, अजून काचेसारखी गुळगुळीत लागते. आणि बाजारात जो खांब आडवा पाहिला होता, तसाच इथे चौकाच्या कडेला उभा, छप्पर पेलताना दिसतो.