सुकाणूसमोरची स्क्रीन

हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांनी समुद्र बहुधा टीव्हीवरच पाहिलेला असतो. तरी आठवीच्या मराठीच्या तासाला मी फळ्यावर काही शब्द हमखास लिहितो. सुकाणू, नाखवा, खलाशी, तांडेल, लंगर, बंदर, तुफान. मग विचारतो, यातला कोणता शब्द उर्दूतही सापडतो? थोड्या वेळात अख्खा फळा उर्दूच्या खात्यात जमा होतो. सुकाणू अरबी 'सुक्कान'मधून आला, नाखवा फारसी 'नाखुदा'मधून. अरबी समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राबलेल्या माणसांनी हे शब्द एकमेकांना दिले. ते कुणी कुणावर लादले नाहीत.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची यादी आहे. त्यात नाखुदा आहे, तांडेल आहे, सुकाणू धरणारा 'सुक्कानगीर' आहे आणि एक 'मुअल्लिम'ही आहे. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. पण जहाजावर हे पद वाट दाखवणाऱ्याचे. समुद्र कुठे खोल, कुठे उथळ हे त्याला माहीत हवे, ताऱ्यांचे ज्ञान हवे, आणि सुक्कानगीराने त्याच्या सांगण्याप्रमाणे जहाज वळवायचे. आम्हा मास्तरांच्या जमातीला इतका मान दुसऱ्या कुठल्या यादीत मिळाल्याचे मला तरी आठवत नाही.

हे सगळे डोक्यात असण्याचे कारण नोकरी. मराठवाड्यातल्या अनेक डीएड-बीएड झालेल्या पोरांप्रमाणे माझीही पहिली नेमणूक कोकणात झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत मी बरीच वर्षे काढली आणि मग आंतरजिल्हा बदलीने घरी आलो. तिथला एक विद्यार्थी आता स्वतःच्या फायबरच्या होडीवर मासेमारी करतो. या पावसाळ्यात, बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, त्याचा फोन आला.

"सर, सात इंची मशीन घेतलं. जीपीएसचा नकाशा पण दिसतो, खालचे मासे पण दिसतात. पुस्तक सगळं इंग्रजीत आहे. फोटो पाठवू का?"

फोटो आले. पाठोपाठ खरी अडचणही आली. अब्बा म्हणत होते, ते खोके होडीत नकोच.

अब्बांना मी ओळखतो. मुलगा तेव्हा माझ्या वर्गात होता. 11 नोव्हेंबर 2009 ला 'फयान' वादळ कोकण किनाऱ्यावरून गेले, त्या दिवसांत वर्गातले अर्धे बाक रिकामे होते. मुले आईबरोबर किनाऱ्यावर उभी असायची. अब्बा परत आले. जे परतले नाहीत, त्यांच्यात त्यांच्या ओळखीचे लोक होते. असा माणूस यंत्राला भितो असे मी म्हणणार नाही. मी त्यांच्याशी बोललो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मास्तर, पोरगा तिच्याकडे बघत बसेल. पुढे कोण बघणार?"

मला वाटते, अब्बांनी विचारलेला हा प्रश्न त्या इंग्रजी पुस्तकातल्या सगळ्या पानांपेक्षा महत्त्वाचा आहे. म्हणून आम्ही उत्तर शोधायला तिथूनच सुरुवात केली.

आधी ही स्क्रीन काय दाखवते ते पाहू. होडीच्या तळाशी एक सेन्सर बसवतात. तो पाण्यात आवाजाची लहर सोडतो, ती समुद्रतळावर किंवा माशांवर आपटून परत येते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. तळ 30 मीटर खाली असेल तर लहर जाऊन यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. या वेळेवरून यंत्र खोली काढते. ताजी नोंद स्क्रीनच्या उजव्या कडेला उमटते आणि जुनी डावीकडे सरकत जाते. मी त्याला म्हटले, उर्दू वाचतोस ना, मग उजवीकडूनच सुरू कर. 'आत्ता' उजव्या कडेला आहे, बाकी सगळे मागे गेलेले पाणी आहे.

तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पुढचा खडक यात दिसत नाही?" नाही दिसत. हे साधे यंत्र होडीच्या खालचे सांगते, पुढचे सांगत नाही. नकाशातही तेवढेच खडक असतात जेवढे कुणीतरी मोजून नोंदवले आहेत. दिवा न लावता उभी असलेली दुसरी होडी किंवा वाहत आलेला ओंडका दोन्हीकडे नसतो. त्यासाठी डोळेच लागतात. म्हणून स्क्रीन लावताना पहिली अट ठरली, ती समुद्राच्या आड येता कामा नये.

छोट्या होडीत हे सोपे नाही. जागा हाताएवढी. चालवणारा मागे बसून इंजिनाचा दांडा धरतो. वेग घेतला की होडीचे पुढचे टोक वर उठते आणि समोरचे पाणी तसेही कमी दिसते. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत लावली तर उरलेलेही झाकले जाते. फार खाली लावली तर मान खाली घालावी लागते आणि तेवढ्या वेळात होडी बरेच पाणी कापते. मी सुचवले, भोके पाडायची घाई नको. वहीच्या पुठ्ठ्यातून स्क्रीनच्या मापाचा तुकडा काप, चिकटपट्टीने वेगवेगळ्या जागी लाव, बसून बघ, उभा राहून बघ, अब्बांनाही बसव. होडी वाळूवर होती, पण नजर मोजायला तेवढे पुरले. जागा ठरली ती समोरच्या आडव्या फळीवर, गुडघ्याच्या जरा वर, मध्यापासून थोडी बाजूला. तिथे नजर फक्त किंचित खाली जाते, मान वळत नाही.

मग उन्हाचा प्रश्न. कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी होडी बाहेर जाते तेव्हा सूर्य पाठीमागे, संध्याकाळी परतते तेव्हाही पाठीमागेच. दोन्ही वेळा ऊन थेट स्क्रीनवर पडते. म्हणून पक्की ठोकून न बसवता, वळवता-कलवता येईल अशा ब्रॅकेटवर बसवायची आणि वर छोटा छज्जा करायचा. काही गडद चष्म्यांतून अशी स्क्रीन एका कोनात काळी दिसते, तेही आधीच तपासून घ्यायचे.

तिसरी गोष्ट होकायंत्राची. अब्बांचे जुने होकायंत्र त्याच फळीवर आहे. विजेची उपकरणे, विशेषतः स्पीकर असलेली, त्याची सुई हलवू शकतात. दोघांत किती अंतर हवे हे पुस्तकात छापलेले असते. तरी खात्री करायची युक्ती सोपी आहे, यंत्र चालू-बंद करून सुई बघायची. सुई सरकली तर यंत्र सरकवायचे, होकायंत्र नाही. बॅटरी उतरली की होकायंत्रच कामाला येणार.

बाकीचे काम हाताचे. फायबर पातळ असते, म्हणून ब्रॅकेटच्या बोल्टखाली आतून लाकडाचा जाड तुकडा द्यायचा. प्रत्येक भोक सीलंटने बुजवायचे. बॅटरीजवळच फ्यूज बसवायचा. खाऱ्या हवेत साधी तांब्याची तार हिरवी पडते, म्हणून कथील चढवलेली घ्यायची. तार प्लगमध्ये वरून थेट न उतरवता आधी खाली झोका देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी टपकते, प्लगमध्ये शिरत नाही. आणि रात्री उजेड अगदी कमी. अंधाराला पूरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. लख्ख स्क्रीन ती कमाई एका नजरेत उडवते.

जुन्या अरब मुअल्लिमांकडे 'कमाल' नावाचे साधन होते. एक लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी. दोरी दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला लावायची. कुठल्या गाठीला जुळते त्यावरून आपण किती उत्तरेला आहोत ते कळायचे. काम झाले की फळी खाली. क्षितिज पाहिल्याशिवाय ते साधन चालतच नव्हते, वापरणाऱ्याला समुद्राकडे बघावेच लागे. आजची स्क्रीन क्षितिज न बघताही चालते. म्हणून ती कुठे लावायची हा विचार आपल्याला करावा लागतो.

आणि स्क्रीन आता वाढतच जाणार. हैदराबादचे 'इन्कॉईस' उपग्रहांवरून मासळीच्या संभाव्य जागा अक्षांश-रेखांशासह कळवते. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये मच्छीमार नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. हे सगळे जीव वाचवणारे आहे, 'फयान' पाहिलेल्याला ते समजावून सांगावे लागत नाही. पण यंत्राबरोबर त्याची तालीमही यायला हवी, आणि ती होडीवाल्याच्या भाषेत. सहाव्या-सातव्या इयत्तेत शाळा सोडलेल्या माणसाने शंभर पानी इंग्रजी पुस्तक वाचावे ही अपेक्षा मला पटत नाही. चार पाने मराठीत, चार उर्दूत, एवढे तरी विकणाऱ्याने द्यावे.

इसापूर धरणावर, पैनगंगेच्या फुगवट्यात, आमच्याकडचे मच्छीमार अजून दोरीला दगड बांधून पाण्याची खोली बघतात. मापही हातांचे. कोकणात त्याला वाव म्हणतात, पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर, साधारण सहा फूट. पुस्तक चाळताना मला सेटिंगमध्ये मीटर आणि फुटांच्या खाली 'फॅदम' दिसले. फॅदम म्हणजे वावच. विद्यार्थ्याला म्हटले, ते निवड.

हंगाम सुरू झाल्यावर त्याचा निरोप आला. अब्बा अजूनही दांडा त्याच्या हाती देऊन स्वतः पुढेच बघत बसतात. मात्र अधूनमधून मागे वळून विचारतात, "किती वाव?" तो आकडा सांगतो. दहातल्या आठ वेळा अब्बांनी तो आधीच मनात धरलेला असतो. उरलेल्या दोन वेळा ते काही बोलत नाहीत, वेग कमी करायला सांगतात.